कुठं निघालीस? – कुठंच नाही!

(पेण येथे झालेल्या कार्यकर्त्या मैत्रिणींच्या मेळाव्यात केलेलं भाषण. मांडणी बोलण्यातलीच ठेवली आहे.)

मैत्रिणींनो,

मला आज ‘स्त्रिया आणि सार्वजनिक जीवन’ असा विषय दिला आहे. विषय भारदस्त आहे. त्यावर ग्रामसभा, आरक्षण, मोर्चे, रोजगार असं पुष्कळ बोलता येईल, आणि माझ्या आधीच्या दोघी-तिघी त्यावर चांगलं बोलल्याही. मी मात्र आज सायकलवर बोलणार आहे. तीही कामावर जायची सायकल नव्हे. रविवारी सकाळी, काहीही काम नसताना, नुसती मजेसाठी चालवायची सायकल.

काही जणी हसल्या. हसा. मीही पहिल्यांदा हसलेच होते.

तुमच्यापैकी ज्या पेणच्या किंवा रोह्याच्या आहेत, त्यांना एक प्रश्न ओळखीचा असेल. बाई घराबाहेर पडली की आळीच्या तोंडाशी कुणी ना कुणी विचारतं, “कुठं निघालीस?” विचारणारी माणसं वाईट नसतात. पण उत्तर द्यावंच लागतं. बाजारात, दवाखान्यात, पोराच्या शाळेत, माहेरी, हळदीकुंकवाला. हातात पिशवी असली तर अर्धं उत्तर पिशवीच देते. पुरुष नाक्यावर तासभर उभा असला तरी त्याला कुणी विचारत नाही, कारण नाक्यावर उभं राहणं हेच त्याचं उत्तर असतं. बाईला मात्र घराबाहेरच्या प्रत्येक पावलाचा हिशोब द्यावा लागतो. “कुठंच नाही, अशीच” हे उत्तर बाईच्या तोंडी शोभत नाही असं आपण लहानपणीच शिकतो.

सायकलची गोष्ट या प्रश्नापासून सुरू होते.

इथल्या बचत गटांबरोबर काम करताना आम्ही एक साधी पाहणी केली होती. कोणत्या बाईला रोज किती चालावं लागतं? गणपतीच्या कारखान्यात रंगकामाला जाणाऱ्या, पापड-मिरगुंडं लाटायला जाणाऱ्या, रोह्याकडे धाटावच्या औद्योगिक वसाहतीत साफसफाईच्या कामाला जाणाऱ्या. रिक्षा परवडत नाही आणि एसटीची वेळ जुळत नाही, म्हणून पायीच. आणि फिरताना दुसरी एक गोष्ट दिसली. घरोघर पडवीत सायकली पडून होत्या. नवऱ्यानं मोटारसायकल घेतल्यावर टाकून दिलेली, मुलीला शाळेसाठी घेतलेली आणि दहावीनंतर भिंतीला टेकवलेली. कुणी त्यावर गोधड्या वाळत घातल्या होत्या, एका घरात कोंबडी कॅरिअरवर बसत होती. आमच्या गटातल्या निम्म्याहून अधिक जणी शाळेत असताना सायकल चालवत होत्या. लग्न झालं आणि सायकल सुटली. कुणी बंदी घातली होती का? नाही. एकीनं छान सांगितलं, “कुणी नको म्हटलंच नाही. मीच विचारलं नाही.”

आपल्यावरची किती बंधनं अशी असतात, पाहा. कुणी दार लावत नाही. आपणच उंबऱ्याच्या आत थांबतो.

मग आम्ही ठरवलं, सायकली बाहेर काढायच्या. पंक्चर काढली, चेनला तेल दिलं, ब्रेकचे रबर बदलले. दुकानदारानं दोन सायकली तर भंगारात घाला म्हणून सांगितलं. संध्याकाळी शाळेच्या मैदानावर शिकवणी सुरू झाली. ज्यांना येत नव्हती त्यांना येणाऱ्यांनी शिकवायचं, एकीनं सीट धरायची आणि दुसरीनं पुढं बघायचं. पहिल्या आठवड्यात सगळ्यांची एकच चूक व्हायची. त्या चाकाकडं बघायच्या. चाकाकडं बघितलं की माणूस पडतं. पुढं बघितलं की तोल आपोआप सांभाळला जातो. हे सांगून पटत नाही, दोनदा पडल्यावरच पटतं.

हरकती किती आल्या म्हणून सांगू! साडी चाकात अडकेल. ही हरकत खरी होती, म्हणून ओढणी आणि पदर खोचायची सक्ती केली. नऊवारी नेसणाऱ्या एका आजींनी मात्र सगळ्यांना गप्प केलं. काष्ट्याच्या लुगड्यात भातलावणी होते, मासळीची टोपली घेऊन एसटीत चढता येतं, मग सायकलला काय अडचण? दुसरी हरकत वयाची होती: “या वयात हे काय?” आणि तिसरी कुजबुजीतली. पोरींनी सायकल चालवली तर ‘आतला पडदा’ फाटतो आणि लग्नात अडचण येते. ही हरकत घेऊन एक आई माझ्याकडं आली होती. मी तिला सांगितलं तेच इथं सांगते. तो पडदा प्रत्येकीचा वेगळा असतो. काहींना तो जन्मतः अगदी नावापुरता असतो, काहींचा धावण्या-खेळण्यातही ताणला जातो. त्यावरून कुणाचं कौमार्य कळत नाही. आणि कळत असतं, तरी मुलीची किंमत त्यावर ठरवायचा अधिकार कुणाला नाही. आई ऐकून गेली. मुलगी आठवड्यानं आली, आणि तिच्यामागून आईही आली.

मैत्रिणींनो, हे आक्षेप आपल्याच गावाचे आहेत असं समजू नका. एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी युरोप-अमेरिकेत बायका सायकल चालवू लागल्या तेव्हा तिथले डॉक्टरसुद्धा सांगत होते की बाईचा चेहरा वेडावाकडा होईल, गर्भाशयाला इजा होईल. १८९७ साली केंब्रिज विद्यापीठात स्त्रियांना पदव्या द्याव्यात की नाही यावर मतदान होतं. विरोध करणाऱ्या विद्यार्थ्यांनी बाईचा एक पुतळा करून भर चौकात टांगला. तो पुतळा कसा होता? पुस्तक हातात घेतलेल्या बाईचा नव्हे. सायकलवर बसलेल्या बाईचा. त्यांना शिकलेल्या बाईची भीती वाटत होती, आणि त्या भीतीचं चित्र काढताना त्यांनी सायकल काढली. प्रस्ताव तेव्हा फेटाळला गेला. केंब्रिजमध्ये स्त्रियांना पूर्ण पदव्या मिळायला १९४८ साल उजाडलं.

अमेरिकेत फ्रान्सिस विलर्ड नावाची दारूबंदी चळवळीची मोठी पुढारी होती. ती वयाच्या ५३व्या वर्षी सायकल शिकली आणि १८९५ साली तिनं त्या शिकण्यावर एक छोटं पुस्तक लिहिलं. आपल्याकडेही दारूबंदीसाठी बायका रस्त्यावर उतरल्या आहेत. त्यातल्या किती जणींनी वयाच्या ५३व्या वर्षी स्वतःच्या आनंदासाठी एखादी गोष्ट शिकायला घेतली असेल? या प्रश्नाकडं मी पुन्हा येणार आहे.

आपल्या देशातलं मोठं उदाहरण तमिळनाडूतल्या पुदुक्कोट्टई जिल्ह्याचं. १९९१ साली तिथं साक्षरता मोहीम सुरू झाली. जिल्हाधिकारी होत्या शीला राणी चुंकत. त्यांनी सायकल शिकणं हा साक्षरतेचाच भाग केला. दगडाच्या खाणीत काम करणाऱ्या, शेतमजुरी करणाऱ्या बाया सायकल शिकल्या. थोड्याच काळात सायकल शिकलेल्यांची संख्या लाखाच्या घरात गेली. लेडीज सायकली दुकानांत पुरेनात, तेव्हा त्यांनी दांडीच्या सायकली घेतल्या, आणि दांडीवर पोर बसवता येतं म्हणून त्याच बऱ्या म्हणाल्या. १९९२च्या महिला दिनाला पंधराशेच्या वर बायका सायकलींवर झेंडे लावून शहरात आल्या. पत्रकार पी. साईनाथ यांनी हे सगळं लिहून ठेवलं आहे. त्यांच्या लिखाणातली एक गोष्ट मला फार महत्त्वाची वाटते. सायकलमुळे माल विकणाऱ्या बायकांचा वेळ वाचला, मिळकत वाढली, हे खरंच. पण बायका स्वतः बोलताना त्याच्या आधी मोकळेपणाबद्दल बोलत होत्या. बससाठी थांबायला नको, नवऱ्याची वाट बघायला नको.

दुसरं उदाहरण बिहारचं. तिथं २००६ साली नववीत जाणाऱ्या मुलींना सायकलसाठी पैसे द्यायची योजना सुरू झाली. कार्तिक मुरलीधरन आणि निशीथ प्रकाश या अभ्यासकांनी तिचा अभ्यास केला. मुलींची माध्यमिक शाळेतली नोंदणी ३२ टक्क्यांनी वाढली आणि मुलगा-मुलगी यांच्यातली दरी ४० टक्क्यांनी कमी झाली. सायकल ही किती मोठी गोष्ट आहे हे आकडेच सांगतात.

आता माझ्या चुकीबद्दल बोलते.

आमच्या कामासाठी आम्ही एका देणगीदार संस्थेकडं अर्ज केला. त्यांचा छापील तक्ता होता. त्यात एक रकाना होता, ‘उद्दिष्ट’, आणि दुसरा, ‘अपेक्षित परिणाम’. समाजकार्याच्या शिक्षणात असे तक्ते भरायचं शिकवतात आणि मला ते बरं जमतं. मी लिहिलं: कामाच्या ठिकाणी पोहोचण्याचा वेळ वाचेल, प्रवासखर्च वाचेल, आरोग्य सुधारेल, आरोग्यकेंद्रापर्यंत पोहोच वाढेल. सगळं खरं होतं. अर्ज पाठवण्याआधी मी गटाच्या बैठकीत तो वाचून दाखवला. सगळ्या गप्प. मग जोह्याच्या बाजूची, कारखान्यात गणपती रंगवणारी एक बाई म्हणाली, “ताई, यात रविवारचं नाय लिवलं.”

रविवारी सकाळी काही जणी आपणहून एकत्र जमून सायकलवर लांब जात होत्या. मला ते माहीत होतं. मी त्यांना विचारलं, “रविवारच्या फेरीचा उपयोग काय लिहू?” ती म्हणाली, “उपेग काय नाय. मना वारा लागतो न बरा वाटतं, बस.”

मैत्रिणींनो, मला तेव्हा लाज वाटली. बाईनं घराबाहेर का पडायचं याचं कारण आळीच्या तोंडाशी लोक विचारत होते, आणि तेच कारण मी माझ्या तक्त्यातून विचारत होते. माझा प्रश्न फक्त शुद्ध भाषेत होता. बाईला सायकल द्या, म्हणजे ती लवकर कामाला जाईल. मुलीला सायकल द्या, म्हणजे ती शिकेल, शिकली की घर सुधारेल. बाईला दिलेली प्रत्येक गोष्ट तिच्यातून आरपार जाऊन दुसऱ्या कुणाच्या तरी कामी यायला हवी, असा आपल्या चळवळीतल्या कागदांचासुद्धा नियम झाला आहे. तिच्यापाशी थांबणारं, फक्त तिचंच असं काही असलं तर त्याला रकाना नाही.

मुंबईत शिल्पा फडके, समीरा खान आणि शिल्पा रानडे या तिघींनी संशोधन करून २०११ साली एक पुस्तक लिहिलं. त्यांचं म्हणणं थोडक्यात असं, की शहरात बाईला रस्त्यावर यायची मुभा आहे, पण कामापुरती. ती नेहमी कुठंतरी निघालेली दिसली पाहिजे. त्यामुळे बाईच्या हक्काची खरी कसोटी म्हणजे तिला काही काम नसताना रेंगाळता येतं का, ही आहे. सुरक्षिततेच्या नावाखाली तिला घरी बसवण्यापेक्षा, धोका पत्करून बाहेर असण्याचा तिचा हक्क मान्य करा, असं त्या म्हणतात. मुंबईसारख्या शहराबद्दल लिहिलेलं ते पुस्तक मला पेणच्या आळीतही तंतोतंत लागू पडताना दिसतं.

मुंबईचा विषय निघाला म्हणून सांगते. मी स्वतः मुंबईत रविवारी सकाळी मरीन ड्राइव्हला सायकल चालवली आहे. मार्च २०२२ मध्ये मुंबई पोलिसांनी ‘संडे स्ट्रीट’ नावाचा उपक्रम सुरू केला, रविवारी सकाळी काही तास ठराविक रस्ते मोटारींना बंद आणि चालणाऱ्यांना, खेळणाऱ्यांना, सायकलवाल्यांना खुले. त्या रस्त्यावर समुद्राकडून वारा येत असताना सायकल सोडून द्यायची, यात केवढं सुख आहे! एवढ्या मोठ्या शहरात तेवढा वेळ तरी कुणी ढकलत नाही, कुणी हॉर्न वाजवत नाही. आणि शेकडो अनोळखी माणसांत आपल्याला कुणी विचारत नाही, कुठं निघालीस. शहराचा तो मोठा गुण आहे.

पण तिथं मला एक गोष्ट खटकली. महागड्या गिअरच्या सायकली, शिरस्त्राणं, घट्ट कपडे. त्या बायकांकडं लोक कौतुकानं बघत होते, आणि ते योग्यच आहे. त्याच रस्त्यानं एखादी घरकाम करणारी बाई साध्या सायकलवरून गेली, तर लोक कौतुक करतील का? म्हणतील, बिचारी. सायकल तीच, दोन चाकं तीच. एकीची हौस असते, दुसरीची गरिबी. गरीब बाईला गरज असू शकते, पण हौस असू शकते हे आपल्या समाजाला कळतच नाही. आमच्या गटातल्या एकीच्या दिरानं तिला हेच ऐकवलं होतं, “घरात मोटारसायकल असताना सायकलवर फिरतेस, लोक आम्हाला काय म्हणतील?” मोटारसायकल घरात होती हे खरं. तिला मागच्या सीटवर बसायला मिळत होतं, हेही खरं.

आता आमच्या रविवारबद्दल. पेणच्या मैत्रिणी महामार्ग ओलांडून जोहे-कळव्याच्या अंगाला जातात. दोन्ही बाजूंना कारखान्यांच्या शेडमध्ये पांढऱ्या मूर्ती रांगेनं वाळत असतात. पुढं खारजमिनीची शेतं आणि बांध लागतात, आणि वारा इतका की पायडल मारायला दुप्पट जोर लागतो. परतीला तोच वारा पाठीवर घेऊन येतो. एकदा आम्ही खोपोली रस्त्यानं गागोद्याला गेलो. विनोबांचं जन्मगाव ते. पायी देश हिंडलेल्या माणसाच्या गावी सायकलवर जायला काय हरकत आहे, असं कुणीतरी म्हणालं आणि सगळ्या निघाल्या. चढावर निम्म्या जणींनी उतरून सायकली ढकलल्या. येताना उतारावर एक पन्नाशीची बाई दोन्ही पाय पायडलवरून उचलून ओरडली. शब्द काही नव्हते, नुसतीच ओरडली. घरी गेल्यावर नातवानं विचारलं, आजी, कुठं गेली होतीस? ती म्हणाली, “सुटले होते.”

रोह्याच्या गटाची फेरी वेगळी. कुंडलिकेच्या काठानं, अष्टमीच्या पुलावरून, कधी कोलाडच्या दिशेला, कधी चणेऱ्याच्या. मुळशीचं पाणी भिऱ्याच्या वीजकेंद्रातून सुटतं आणि कुंडलिकेला येतं, त्यामुळे बाकीच्या नद्या उन्हाळ्यात आटल्या तरी हिला पाणी असतं. सकाळी धाटावच्या पाळीला जाणारे कामगार सायकलवरून समोरून येतात. पहिले काही रविवार ते चेष्टा करत. मग त्यातल्या एका वयस्कर माणसानं थांबून एकीच्या सायकलची उतरलेली चेन बसवून दिली आणि स्वतः कशी बसवायची तेही दाखवलं. त्यानंतर आम्ही चेन बसवायला सगळ्याच शिकलो. दोन्ही गट एकमेकांना भेटायला दिवा-रोहा गाडीनं येतात. सायकलीवर यावं अशी सगळ्यांची इच्छा आहे, पण मध्ये महामार्ग आहे आणि नागोठण्याच्या पुढं भिसे खिंड. खिंडीला आम्ही भीत नाही. महामार्गाला भितो.

इथपर्यंत सगळं गोड आहे. पण मी इथं गोड बोलायला उभी राहिलेले नाही.

गेल्या पावसाळ्याच्या तोंडाशी आमची एक मैत्रीण पडली. मागून मोटारसायकलवर दोन पोरं आली, मुद्दाम जवळून हात लावून गेली. ती दचकली, चाक खड्ड्यात गेलं. उजवं मनगट मोडलं. सहा आठवडे प्लास्टर. ती पापड लाटते, मजुरी किलोवर मिळते. सहा आठवडे हात बंद म्हणजे सहा आठवडे मिळकत बंद. मी तिच्या घरी गेले. तिच्या नवऱ्यानं मला विचारलं, “तुमचा पगार चालू आहे ना, ताई?” मला उत्तर सुचलं नाही. तो उद्धटपणे बोलला नव्हता. खरंच विचारत होता. मजेची किंमत मी भरत नाही, ती भरते आहे, हे त्याला दिसत होतं आणि मला दिसायला उशीर झाला होता.

पुढच्या बैठकीत दोन तट पडले. काही जणी म्हणाल्या, बंद करू या, उद्या आणखी कुणाचं काही झालं तर गावाला तोंड कसं दाखवायचं? एक म्हणाली, “शेतात पाय घसरून पडलं तर शेत बंद करतो का?” तिला दुसरीनं लगेच उत्तर दिलं, “शेतावर पोट आहे.” पुन्हा तोच मुद्दा. कामात पडलेली बाई कष्टाळू, मजेत पडलेली बाई बेजबाबदार. दोन तास बोलणं झालं. शेवटी ठरलं ते असं. रविवार चालू ठेवायचा. गटाच्या बचतीतून तिला मजुरी भरून द्यायची, आणि ती कर्ज म्हणून नव्हे. पुढं प्रत्येकीनं महिन्याला दहा रुपये वेगळे काढायचे. त्या पैशाला त्यांनी नाव दिलं ‘पडझड’. आणि त्या दोन पोरांचा तपास लावायला आम्ही सगळ्या मिळून पोलीस ठाण्यात गेलो. पोरं सापडली नाहीत. पण तक्रार लिहून घ्यायला लावली. ‘बाई सायकलवर का होती’ हा प्रश्न तिथंही आला, आणि त्याला वीस जणींनी एकदम उत्तर दिलं.

ती मैत्रीण आता बरी आहे. पण अजून सायकलवर बसलेली नाही. नव्या शिकणाऱ्यांची सीट धरायला मैदानावर येते. तिनं बसावं म्हणून मी आग्रह करत नाही. भीती वाटण्याचा हक्कही तिचाच आहे.

दुसरी अडचण वेळेची. २०२४ सालच्या सरकारी वेळ-वापर पाहणीत असं आढळलं की घरकाम करणाऱ्या स्त्रिया त्यासाठी दिवसाला सरासरी २८९ मिनिटं देतात, आणि घरकाम करणारे पुरुष ८८ मिनिटं. म्हणजे जे पुरुष घरकाम करतात त्यांचीच ही सरासरी आहे, न करणारे त्यात धरलेलेच नाहीत. रविवारी तर बाईचं काम वाढतं. सगळे घरी, मटण-मासळीचा बेत, कपडे, पाहुणे. सकाळी सहा ते आठ मोकळे मिळावेत म्हणून आमच्या काही जणी चारला उठून भाजी-भाकरी करून ठेवतात. स्वतःच्या दोन तासांसाठी स्वतःची दोन तासांची झोप देतात. हा काही हक्क नव्हे, ही उधारी झाली. दोन-तीन घरांत मात्र बदल दिसतो. एका घरी मुलगा चहा करतो. एका घरी नवरा भात लावतो, आणि लावलेला भात कच्चा राहिला तर ती काही बोलत नाही. मला वाटतं, कच्चा भात गप्प बसून खाणं हीसुद्धा चळवळच आहे.

म्हणून आज माझ्या मागण्या तक्त्यात बसतील अशाही आहेत आणि न बसणाऱ्याही आहेत.

बसणाऱ्या अशा. मुंबईच्या मरीन ड्राइव्हला रविवारी सकाळी रस्ता मोकळा करता आला, तर पेण आणि रोह्याच्या नगरपालिकांनाही एखादा रस्ता दोन तास मोकळा करता येईल. त्याला पैसे लागत नाहीत, दोन अडथळे आणि एक शिपाई लागतो. मुंबई-गोवा महामार्गावरच्या पळस्पे ते इंदापूर या ८४ किलोमीटरच्या टप्प्याचं चौपदरीकरण २०११ साली सुरू झालं. दहा वर्षं उलटली तरी ते रखडलेलंच होतं, आणि त्या काळात खड्ड्यांत किती माणसं पडली हे इथं बसलेल्या प्रत्येकीला माहीत आहे. रुंद रस्ता करताना मोटारींच्या मार्गिका मोजल्या जातात. पायी आणि सायकलवर जाणाऱ्यांना महामार्ग ओलांडायला सुरक्षित जागा कुठं, हे आपण विचारलं पाहिजे. तो ओलांडणाऱ्यांत बायकाच जास्त असतात. आणि फेरीच्या वाटेवर स्वच्छतागृह हवं. घरून निघताना पाणी पिऊन निघायचं नाही, हा बायकांच्या प्रत्येक प्रवासाचा नियम झाला आहे, तो मोडला पाहिजे.

तक्त्यात न बसणारी मागणी एकच आहे, आणि ती सरकारकडं नाही, आपल्याकडं आहे. आपण कार्यकर्त्या बायकांच्या दुःखाची मोजदाद फार काळजीपूर्वक करतो. मारहाण, हुंडा, मजुरी, पाणी. ती करायलाच हवी, त्यात एकही दिवस ढिलाई नको. पण त्याच बाईला आनंद कशात वाटतो, हे आपण तिला कधी विचारतो का? मघाशी मी दारूबंदीसाठी रस्त्यावर आलेल्या बायकांबद्दल विचारलं, ते यासाठीच. आपण तिला लढायला बोलावतो, सभेला बोलावतो, सही करायला बोलावतो. खेळायला बोलावत नाही. मग तिला वाटतं, घरात जशी मी कामापुरती, तशीच संघटनेतही कामापुरती.

त्या देणगीदार संस्थेचा तक्ता मी शेवटी पाठवला. ‘अपेक्षित परिणाम’ या रकान्यात सगळ्यात खाली एक ओळ वाढवली: ‘रविवारी वारा लागेल.’ त्यांनी पैसे दिले, पण ती ओळ गाळून मंजुरीचं पत्र पाठवलं. आमच्या गटाच्या वहीत मात्र ती ओळ तशीच आहे.

उद्या रविवार आहे. मुंबई-पुण्याहून आलेल्या मैत्रिणींची राहण्याची सोय इथंच आहे. सकाळी सहाला मैदानावर अकरा सायकली असतील, त्यातल्या दोघींचे ब्रेक जरा बघून दाबावे लागतात. ज्यांना येत नाही त्यांची सीट धरायला माणूस आहे. पदर खोचून या. वाटेत आळीच्या तोंडाशी एक काका बसलेले असतात. ते विचारतील, “कुठं निघालात?”

उत्तर तुम्हाला आता माहीत आहे.